नात्सारेनोची सार्डिनिया

आमच्या अंगणात कुणाचा नळ ठिबकायला लागला, कुणाचा दिवा गेला किंवा कुणी जिन्यात पाय घसरून पडलं, की हाक जायची ती सरळ तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे. "नेनो! ए नेनो!" की आलाच नात्सारेनो खाली, बनियनवर, गळ्याला जेवणाचा रुमाल तसाच खोचलेला. अख्खी हयात त्यानं शहराच्या बसगाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढलेली. निवृत्त झाला तरी हातांना स्वस्थ बसवत नसे. रोमच्या गार्बातेल्ला वस्तीतली आमची घरं म्हणजे चार इमारती एका अंगणाभोवती उभ्या, मध्ये कपड्यांच्या दोऱ्या, एक बाक, एक नळ. इथं कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते आधी शेजाऱ्याला कळतं आणि मग घरधन्याला. अशा ठिकाणी माणसाबद्दल एकदा जे मत झालं ते झालं. नात्सारेनोबद्दलचं ठरलेलं होतं: बोलतो फार, पण हाकेला धावतो.

बोलतो फार म्हणजे किती, ते ऐका. त्या वर्षी मे महिन्यात त्याच्या मिर्कोचा मिलानहून फोन आला. मिर्को एकुलता एक, बँकेत नोकरीला, दंतवैद्याची मुलगी सामांता बायको केलेली. त्यानं ऑगस्टसाठी सार्डिनिया बेटावर अगदी समुद्रकाठी घर घेतलं होतं भाड्यानं, आणि म्हणाला, "बाबा, या वेळी तुम्ही दोघंही या." झालं! त्या दिवसापासून अंगणाला दुसरा विषय मिळेना. मोबाइल फोन अजून कुणाकडे नव्हते, नाहीतर त्यानं त्यावरूनही गावभर दवंडी पिटली असती. कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफी पिताना सार्डिनिया, न्हाव्याच्या खुर्चीत सार्डिनिया, कुणाच्या मयताला गेला तरी शवपेटी बाहेर यायच्या आत सार्डिनिया.

"ओस्तियाचं पाणी हे काय पाणी आहे?" तो पत्ते वाटता वाटता शेजारच्या सोर रेमोला म्हणायचा; सोर म्हणजे आमच्याकडचं 'राव', बायकांना सोरा. "पाय धुवायला ठीक आहे. सार्डिनियात म्हणे तळाचा खडा न् खडा दिसतो."

"मग खडे बघायला एवढ्या लांब जातोयस होय?" रेमो म्हणायचा. "जा बाबा. आम्ही गरीब आपले पाय धुऊ."

आणि बाकीचं अंगण तेच करायचं. रविवारी सकाळी भाजलेल्या मॅकरोनीची परात, कलिंगड आणि नातवंडं काखोटीला मारून त्या छोट्या आगगाडीनं रोमजवळच्या ओस्तियाच्या किनाऱ्यावर, संध्याकाळी लालेलाल होऊन परत. नात्सारेनोही जन्मभर तेच करत आला होता. पण आता त्यानं निळ्या फितीची रुंद काठाची गवती टोपी घेतली होती आणि ती घालून तो अंगणात फेऱ्या मारायचा. बायको एर्सीलिया दोऱ्यांवर चादरी टाकता टाकता ओरडायची, "अरे, अजून गेलो नाही आपण! परत येऊ दे, मग काय ती शेखी मिरव."

कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली दिली समोरच्या दारातल्या सोरा वेलियाला. सोरा वेलिया ऐंशीच्या पुढची, एकटी. तिचा नवरा कधीच गेला होता, मुलगी लोरेदाना लग्न होऊन वितेर्बोला. नेनो सहासात वर्षांचा असताना त्याची आई क्षयाच्या इस्पितळात होती, तेव्हा या बाईनं जवळजवळ वर्षभर त्याला आपल्या ताटात जेवू घातलं होतं, ताप आला तर उशाशी बसली होती. अजून ती त्याला पोराच म्हणायची, आणि तोही, सगळ्या जगाशी अरेतुरे करणारा, तिला 'तुम्ही' म्हणायचा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. एर्सीलिया स्वयंपाकघरातून ऐकत होती. नात्सारेनो म्हणत होता, "हो... हो हो... छे छे, त्यात काय एवढं... त्यांनाही समुद्राची हवा हवीच की... पुढच्या वर्षी, बरोबर आहे." मग फोन ठेवल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. ती बाहेर आली तर हा फोनच्या शेजारी स्टुलावर बसलेला, भिंतीकडे तोंड.

"कोणाचा होता?"

"मिर्कोचा. सामांताचे आईवडील येतायत. अचानक ठरलं म्हणे. घर लहान आहे."

वाईट तिलाही वाटलं होतं, आई होती ती. पण बाई सरळ. "बरं," ती म्हणाली. "मग राहू घरी. मासे आणते उद्या, छान तळू."

"घरी?" नात्सारेनो ताडकन उठला. "खाली रेमो बसलाय पत्ते घेऊन! त्याला काय सांगू मी? की दंतवैद्याला जागा आहे आणि बापाला नाही? चारचौघांत नाक कापून घेऊ?"

हा त्याचा खरा काटा होता, सार्डिनियाचा नाहीच. समुद्र बुडाला असता तरी त्याला पर्वा नव्हती. पोटच्या पोरानं आपल्याला बाजूला सारलं, हे अंगणाला कळता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आणि आमच्याकडे अशा वेळी काय करायची पद्धत आहे ते मी सांगायला नको. ज्यांना सुट्टीला जायला जमत नाही ते ऑगस्टभर खिडक्या लावून आत बसतात, दिवा लावत नाहीत, दबक्या पावलांनी चालतात. पण नात्सारेनोला तेही शक्य नव्हतं, कारण रोज सकाळी सोरा वेलिया किल्ली लावून आत येणार होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंजण बॅगा घेऊन, टोपी घालून, सगळ्यांदेखत जिना उतरले. गालांना गाल लागले. रेमो म्हणाला, "एक खडा माझ्यासाठी आण." सोरा वेलियानं नेनोचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, "लांब पोहायला जाऊ नकोस, पोरा." आणि ही जोडी सार्डिनियाची बोट सुटते त्या बंदराच्या गाडीत न बसता ओस्तियाच्या त्याच छोट्या आगगाडीत बसली. एर्सीलियाची मावसबहीण तिथं बाजारामागे राहायची. उन्हाळाभर ती डोंगरातल्या एका हॉटेलात स्वयंपाकाला जायची, घर रिकामं असायचं, आणि त्याची एक किल्ली एर्सीलियाकडे होती.

आता ओस्तियाला समुद्र आहे, पण तो आमच्या अंगणाचा समुद्र आहे. पहिल्याच रविवारी नात्सारेनोनं खिडकीच्या फटीतून खाली पाहिलं तर सोर रेमो चालला होता, गळ्यात नातवाचं हवेचं बदक अडकवून. नात्सारेनो असा मागे सरकला की कपाटावर आपटला. त्यानंतर दोन दिवस ते त्या दोन खोल्यांत खिडक्या लावून बसले. भट्टीच ती. एर्सीलिया ओला टॉवेल डोक्यावर घेऊन जमिनीवर पडून राहायची.

तिसऱ्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, "मी इथं उकडून मरणार नाही. आपलं कुणी म्हणून येत नाही अशी एखादी जागा सांग, नाहीतर मी चालले घरी, आणि रेमोला मीच सांगते."

नात्सारेनोनं विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. समुद्राच्या अलीकडे एक स्टेशन लागतं. जुनं ओस्तिया. गाडीतून जाता येता आम्ही सगळ्यांनी ते हजारदा पाहिलंय: उंच पाइनची झाडं, मध्ये विटांच्या पडक्या भिंती. रोमन लोकांचं बंदर होतं म्हणे. शाळेत असताना मास्तर एकदा नेतात, पोरं खांबांवर चढतात, मार खातात, संपलं. त्या स्टेशनावर जर्मन उतरतात. आमच्यातलं कुणी उतरत नाही. उतरलं तर कलिंगड गरम होतं.

"दगड बघायला आपल्यातलं कोण जातंय!" नात्सारेनो मांडीवर थाप मारून म्हणाला.

तिथं त्याला आणखी एक सोय दिसली. सार्डिनियाहून पांढराफटक माणूस परत येऊन कसं चालेल? म्हणून तो त्या जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर सदरा काढून आडवा झाला. पहारेकरी शिट्टी फुंकत आला. "ओ साहेब! हा काय किनारा आहे?"

"पाठ धरलीय. डॉक्टरांनी ऊन सांगितलंय."

"मग डॉक्टरांच्या गच्चीवर जाऊन झोपा!"

एर्सीलिया दुसरीकडे बघत उभी राहिली, जणू हा माणूस तिचा कुणीच नाही. नात्सारेनोनं सदरा चढवला, पण बाह्या वर करून रोज तोंड उन्हाकडे धरून बसायचं सोडलं नाही.

एर्सीलिया मात्र रमली. ती पाव, त्यात ऑम्लेट आणि पाण्याची बाटली घ्यायची आणि गल्ल्यागल्ल्यांतून हिंडायची. तिथं धान्य दळायची अजस्र जाती होती, मासेवाल्याचं दगडी टेबल होतं, दारूचं दुकान होतं, त्याचा कट्टा अगदी आमच्या कोपऱ्यावरच्या बारसारखा. एकदा तिनं नवऱ्याला हाताला धरून एका चौकात नेलं. "बघ. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, मध्ये अंगण, अंगणात पाणी. आपलंच घर की रे हे!"

"छप्पर तेवढं नाही."

"आणि रेमो नाही."

दोघंही हसली. फोन आल्यापासून पहिल्यांदा हसली. त्या दुपारी पाइनच्या सावलीत नात्सारेनोला झोप लागली आणि जागा झाल्यावर तो म्हणालाही, की सार्डिनियात तरी याहून काय वेगळं असणार होतं. एर्सीलियाला वाटलं, निभावलं हे. आणि निभावलंही असतं.

पण त्याच आठवड्यात आमच्या फुल्व्हिओ पाद्र्यांनी शहरात मागे उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सहल काढली. जायचं होतं तळ्यावर. बस ठरलेली होती, जेवण ठरलेलं होतं. बस सकाळी चर्चच्या दारातच बंद पडली. एरवी अशा वेळी कुणीतरी नेनोला बोलावलं असतं आणि त्यानं ती चालू करून दिली असती. पण नेनो सार्डिनियाला होता. मग पाद्र्यांनी त्या वीसेक म्हाताऱ्यांना छोट्या आगगाडीत बसवलं आणि म्हणाले, चला, तळं नाही तर नाही, आपल्या पूर्वजांचं गाव बघू.

नात्सारेनोला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तो नि एर्सीलिया त्या मोठ्या फरसबंदी रस्त्याच्या कडेला उभी होती. दुपारचं ऊन असं, की दगडांतून वाफ निघत होती. समोर बऱ्याच अंतरावर एका पडक्या कमानीच्या पायरीवर एक म्हातारी एकटीच बसली होती, काळा झगा, हातात कागदी पंखा. तिच्या बरोबरचे पुढे निघून गेले असावेत. नात्सारेनोनं टोपी मागे सारून घाम पुसला, आणि त्याच क्षणी म्हातारीनं मान वर केली.

"नेनो! ए नेनो!"

तो आवाज त्याला झोपेतही कळला असता. एरवी त्या हाकेवर त्याचे पाय त्याच्या आधी निघत. आज ते दुसरीकडे निघाले. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली, एर्सीलियाच्या मनगटाला धरलं आणि शेजारच्या भिंतीआड शिरला. ती जागा म्हणजे त्या रोमन लोकांचा सार्वजनिक संडास होती. तीन बाजूंनी संगमरवरी बाक, बाकाला ओळीनं भोकं. हा तिथं भिंतीशी अंग चोरून बसला.

"सोरा वेलिया आहे," एर्सीलिया कुजबुजली.

"दिसलं मला. गप्प बस. तिला नीट दिसत नाही, तिला वाटेल दुसराच कुणीतरी."

बाहेरून पुन्हा हाक आली. "नेनो, पोरा... ये रे इकडे. पाय उचलत नाहीत माझे."

भिंतीत एक वीट पडून खाच झाली होती. नात्सारेनोनं तिला डोळा लावला. म्हातारी उठायचा प्रयत्न करत होती. उठली, झोकांडी गेली, पुन्हा बसली. पंखा हातातून गळून रस्त्यावर पडला. तोंड उघडं, श्वास वरवर. एर्सीलियाच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती. ती उठलीच.

"बस खाली," नात्सारेनो म्हणाला. त्यानं तिचं मनगट सोडलं नव्हतं.

"अरे, ती पडेल!"

"पाद्री असतील तिचे इथंच कुठंतरी. येतील. एवढं काय... आपण गेलो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गार्बातेल्लाला कळेल."

"नेनो, सोड हात."

"एर्सीलिया, तुला माझ्या गळ्याची शपथ."

किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. फार नसेल. पण तेवढ्यात सोरा वेलियानं त्याला आणखी एकदा हाक मारली, ती आता मोठी नव्हती, घरातल्या घरात कुणाला सांगावं तशी होती; आणि मग ती त्या पायरीवर एका कुशीला कलली. दोन परदेशी, नवराबायको, पाठीवर पिशव्या, रस्त्यानं येत होते. ते धावले. बाईनं म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, पुरुषानं आपला सदरा भिजवून तिच्या कपाळावर ठेवला आणि आपल्या भाषेत मदतीसाठी ओरडत सुटला. मग पाद्री आले, पहारेकरी आला, स्ट्रेचर आलं. नात्सारेनोनं हे सगळं त्या खाचेतून पाहिलं. लोकांनी तिला उचललं तेव्हा तिचा एक बूट गळून पडला. त्या परदेशी बाईनं तो उचलून हातात धरला आणि ती मागोमाग चालत गेली.

सगळे गेल्यावर नात्सारेनोच्या लक्षात आलं की आपण अजून मनगट धरून बसलोय. त्यानं हात सोडला. एर्सीलियाच्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते.

"मिळाली ना मदत तिला?" तो म्हणाला. "मिळाली की."

एर्सीलिया मनगट चोळत स्टेशनाकडे चालायला लागली. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी 'जेवायला ये' यापलीकडे बोलली नाही. दगड बघायला ती पुन्हा गेली नाही, तोही गेला नाही. खिडक्या लावलेल्या त्या खोलीत तो खाटेवर पडून राहायचा आणि त्याला स्वतःच्या अंगाची शिसारी यायची. पुन्हा पुन्हा तो तेच उगाळायचा: मी गेलो असतो तर काय झालं असतं? रेमो हसला असता. बस. रेमो चार दिवस हसला असता. एवढ्यासाठी? मग तो कूस बदलायचा. एकदा एर्सीलिया भांडी घासता घासता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हात तू धरलास. पण मला ओढून घेता आला असता. तेवढी ताकद आहे माझ्यात." आणि तिनं नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातल्या फोनवरून सोरा वेलियाकडे फोन लावला होता. फोन कुणी उचलेपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. उचलला तो म्हातारीनंच.

"मी बरी आहे गं," ती म्हणाली. "जरा चक्कर आली उन्हानं, एक रात्र ठेवून घेतलं इस्पितळात. लोरेदाना आलीय. तुमच्या कुंड्यांना ती पाणी घालते, काळजी करू नकोस. समुद्र कसा आहे?"

"छान आहे."

"नेनो पोहतो का?"

"पोहतो," एर्सीलिया म्हणाली. फोन ठेवून ती तिथंच मासेवाल्याच्या मागे जाऊन रडली. म्हातारीनं त्या हाकेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नात्सारेनोला हे कळलं तेव्हा त्याला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून त्याला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मारियामातेचा सण झाला, सुट्टी संपली, आणि ठरल्या दिवशी दोघं बॅगा घेऊन परत आली. नात्सारेनोच्या हातात टोपी होती, डोक्यावर नाही. त्याच्या मनात होतं की घाईनं जिना चढायचा, दोन दिवस दार उघडायचं नाही. पण अंगण भरलेलं होतं. रेमो बाकावर पत्ते लावत होता, बायका कपडे काढत होत्या, आणि नळाशेजारच्या खुर्चीत सोरा वेलिया बसली होती, रविवारचा झगा घालून, पर्स मांडीवर ठेवून. तिच्या पायाशी दोन बॅगा आणि दोरीनं बांधलेलं एक खोकं. लोरेदाना घामाघूम होऊन तिसरी बॅग खाली आणत होती.

"आले आले, सार्डिनियावाले आले!" रेमो ओरडला. "दाखव रे, रंग दाखव!"

नात्सारेनोचं तिकडे लक्ष नव्हतं. "कुठं निघालात?" त्यानं विचारलं.

लोरेदानानं त्याला बाजूला घ्यायचं म्हणून घेतलं, पण आमच्या अंगणात बाजू अशी नाहीच. सगळ्यांना ऐकू जात होतं. "वितेर्बोला नेतेय आईला. आमच्याजवळ एक वृद्धाश्रम आहे, नन चालवतात, स्वच्छ आहे. दुसरा इलाज नाही. डॉक्टर म्हणतात डोक्यातल्या शिरा कडक झाल्यात. तिला माणसं दिसायला लागलीत."

"माणसं?"

"तुम्हीच दिसलात!" लोरेदाना म्हणाली. "त्या दिवशी पडक्या गावात. नेनोला पाहिलं, नेनोला हाक मारली, टोपी घातली होती, असं इस्पितळात सगळ्यांना सांगत सुटली. मी म्हटलं, अगं आई, ते सार्डिनियात आहेत, समुद्रापलीकडे! ऐकेना. आज नसलेला नेनो दिसतोय, उद्या मेलेले बाबा दिसतील. गॅस चालू ठेवून त्यांच्यामागे गेली तर? मी इतक्या लांब. मला झोप नाही हो." ती खरंच रडवेली झाली होती, वाईट बाई नव्हती ती. मग तिनं आवाज चढवला. "नात्सारेनो, आता आलाच आहात तर तुम्हीच सांगा तिला. तुमच्या तोंडून ऐकलं की निमूट गाडीत बसेल."

"नको गं विचारूस त्याला," सोरा वेलिया खुर्चीतून म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मला कळलंय ते. मी पडल्या पडल्या विचार केला ना त्याचा. मी तीनदा हाक मारली. नेनो असता तर आला नसता का? तो आला नाही, म्हणजे तो नव्हताच. म्हणजे माझंच डोकं गेलं. चल, गाडीला उशीर नको व्हायला."

नात्सारेनोच्या कानात गरम शिशासारखं काहीतरी उतरलं. त्यानं एर्सीलियाकडे पाहिलं. एर्सीलियानं बॅग खाली ठेवली आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिनं त्याला वाचवलं नाही, घाईही केली नाही. एक 'नाही' म्हटलं की सुटला होता तो. सार्डिनिया शाबूत, मिर्को शाबूत, रेमोचं तोंड बंद. म्हातारीनं स्वतःच त्याच्यासाठी दार उघडून दिलं होतं.

"लोरेदाना, थांब," तो म्हणाला. "थांब. मी सार्डिनियाला गेलोच नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, एका दमात. मिर्कोचा फोन, दंतवैद्य, मावसबहिणीची खोली, टोपी, दगड. त्या संडासाच्या भिंतीआड लपलो तेही सांगितलं. "यांच्या डोक्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मीच होतो तो."

दोरीवरच्या चादरी काढायच्या थांबल्या होत्या. लोरेदाना बॅगेवर मटकन बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्याच्या हसण्याला नात्सारेनो एवढा भ्याला होता तो सोर रेमो हसला नाही. पत्ते गोळा करत तो म्हणाला, "अरे येड्या, माझा मोठा पोरगा तीन नाताळ घरी आला नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुठं लपलो?" आणि तेवढ्यावर ते संपलंच. पोरानं बापाला बाजूला सारलं, ही बातमी अंगणानं अशी गिळली जशी रोजची भाकरी. कुणाला त्यात रस नव्हता. सगळे बघत होते ते सोरा वेलियाकडे.

ती पर्स धरून तशीच बसली होती. डोकं ठिकाणावर आहे हे कळल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. तिच्या तोंडावर तो दिसेना.

"तूच होतास?" तिनं विचारलं.

"हो."

"निळ्या फितीची टोपी?"

"हो."

"मी हाक मारलेली ऐकलीस तू?"

"ऐकली, सोरा वेलिया. तिन्ही ऐकल्या."

"मग आला का नाहीस, पोरा?"

तिनं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. थुंकली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर त्यानं गाल पुढे केला असता. पण ती चिडली नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं आणि ती त्याला समजावून सांग म्हणत होती, ऐंशी वर्षांच्या डोळ्यांनी त्याच्याकडे रोखून बघत. मिर्कोचं सगळं सांगून झालं होतं. त्यात याचं उत्तर नव्हतं. जमीन दुभंगावी म्हणतात तशी ती आमच्या अंगणातली फरशी दुभंगली नाही.

बराच वेळ ती थांबली. मग पर्स उघडून तिनं आपली घराची किल्ली लोरेदानाच्या हातात दिली, खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि जिन्याकडे निघाली. नात्सारेनो धावत पुढे झाला. त्यानं तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या, खोकं काखेत घेतलं.

"राहू द्या," सोरा वेलिया म्हणाली. उभ्या जन्मात तिनं त्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. "लोरेदाना आणेल."